उन्हातला सावळा रंग

चित्रकलेच्या कॉलेजात नेमकं काय शिकलीस, असं कुणी विचारलं तर मी सांगते, सावळा माणूस रंगवायला शिकले. ऐकणाऱ्याला हे फार थोडं वाटतं. मला तसं वाटत नाही. पारोळा तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीला स्वतःच्या घरातली माणसं कॅनव्हासवर आणायची तर काय काय शिकावं लागतं, ते मला लिहून ठेवायचं आहे. पेंटिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी ते वाचावं, आणि जमलं तर त्यांच्या आईवडिलांनीही.

खानदेशातल्या खेड्यात चित्रकलेची ओळख होते ती ग्रेड परीक्षांमुळे. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली की दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, बी मिळाली तर ५, सी मिळाली तर ३. त्या गुणांसाठी मुलं बसतात, आणि त्यात गैर काही नाही. त्या निमित्ताने हातात ब्रश तरी येतो. स्मरणचित्राला आठवडे बाजार, पाणवठा, पोळ्याची मिरवणूक असे विषय. आम्ही झाडं हिरवी करत असू, आभाळ निळं, आणि माणसांना रंगपेटीतला तयार स्किन कलर. तो गुलाबीसर केशरी. पेटीवर जे नाव छापलंय तेच खरं, असं धरून आम्ही हंडा घेऊन चाललेल्या बायांना आणि बैल धुणाऱ्या गड्यांना तो लावत गेलो. आमच्या गावात त्या रंगाचं माणूस मी पाहिलेलं नाही.

बारावीनंतर फाउंडेशनला, म्हणजे चित्रकलेच्या पायाभूत वर्षाला, जाते म्हटल्यावर माय म्हणाली, "चित्र काढीसन पोट भरी का?" प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आबांना या क्षेत्रातलं एकच नाव माहीत होतं, चाळीसगावचे केकी मूस. मूस हे मुळात छायाचित्रकार. रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं, फारसं बाहेर न पडता, काम करत राहिले आणि १९८९ सालच्या शेवटच्या दिवशी गेले. आबा तरुणपणी कापूस घेऊन चाळीसगावला जात, तेव्हा कुणीतरी त्यांना तो बंगला बाहेरून दाखवला होता. आत काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण एक माणूस जन्मभर हेच काम करू शकतो एवढं त्यांनी बघितलं होतं. म्हणाले, "एक वरीस जाईसन देख." त्या वर्षाची फी कापसाच्या पहिल्या वेचणीतून भरली गेली.

फाउंडेशनला विषय पुष्कळ असतात: वस्तुचित्र, निसर्गातल्या वस्तूंचं रेखाटन, द्विमित आणि त्रिमित संकल्प, अक्षरलेखन, मुद्रण, रंगसंगती. सगळ्यांबद्दल लिहीत बसत नाही. माझ्यावर ठसा उमटला तो ड्रॉइंगच्या तासाचा. दिवाळीपर्यंत त्या तासाला रंग आणायचेच नाहीत, फक्त पेन्सिल आणि चारकोल, अशी आमच्या सरांची शिस्त होती. एकदा त्यांनी खिडकीतल्या उन्हात एक काळी छत्री उघडून ठेवली आणि खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात, कपाटाच्या आड, धुतलेलं पांढरं फडकं टाकलं. मग विचारलं, दोन्हींत उजळ काय? सगळा वर्ग म्हणाला, फडकं. सरांनी जाड पुठ्ठ्याला दोन भोकं पाडली होती. एका भोकातून छत्रीचा तुकडा दिसावा आणि दुसऱ्यातून फडक्याचा, असा तो पुठ्ठा धरून आम्हाला एकेकाला बघायला लावलं. छत्री उजळ होती, आणि थोडीथोडकी नव्हे. भोकातून बघताना ते छत्री आणि फडकं राहत नाहीत, नुसते दोन टोन, उजेड-काळोखाच्या दोन छटा, राहतात.

ड्रॉइंगचं सगळं शिक्षण तिथून सुरू होतं. वस्तूचं नाव विसरायचं आणि तिच्यावर पडलेला उजेड मोजायचा. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. आधी ते तुकडे मांडायचे, मग हाफटोन, म्हणजे मधल्या छटा, मग सावलीच्या आतला परतीचा उजेड, आणि सगळ्यात शेवटी हायलाइट, म्हणजे चमकेचा ठिपका. ज्याला हे जमतं त्याला पुढे रंग जमतो. ज्याला हे जमत नाही त्याने कितीही महाग ट्यूब आणल्या तरी चित्र सपाट राहतं. हे मी ठामपणे म्हणते, कारण आमच्या आगेमागे दोन्ही प्रकारची मुलं होती.

रंग हातात आले ते वांग्यावर. आमच्याकडचं भरताचं वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, तुकतुकीत आणि चांगलं हातभर दिसेल असं मोठं असतं. पितळेचा तांब्या, निळं फडकं आणि ते वांगं, असा स्टिल लाइफचा सेट लावलेला असे. उन्हाळ्यात वांगं एका दिवसात सुरकुततं, म्हणून रोज ताजं आणून त्याच जागी ठेवायचं आणि कालचं मेसमध्ये भाजायला जायचं. त्या वांग्याच्या पोटावर पितळेची पिवळी झाक येई, देठाकडे फडक्याचा निळा उतरे, आणि वरच्या बाजूला खिडकीचा पांढरा चौकोन असे. हिरवा म्हणावा असा हिरवा फार थोड्या जागेत शिल्लक राही. शेजारच्या वस्तू एकमेकींना रंग देतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

पुढे पेंटिंगच्या वर्षांत हेड स्टडी, म्हणजे समोर माणूस बसवून त्याचा चेहरा रंगवणं, सुरू झाली. मॉडेल कुठून आणायचं हा तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचा कायमचा प्रश्न. सर सकाळी चौकातल्या मजूर अड्ड्यावर जात. साडेनऊपर्यंत ज्यांना काम लागलं नाही अशी म्हातारी माणसं तिथे बसलेली असत. त्यांना दिवसाची पूर्ण मजुरी देऊन ते घेऊन येत. वीस-पंचवीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं उठायचं, चहा, परत बसायचं. खुर्चीच्या पायांभोवती आणि बाबांच्या पायांभोवती खडूने खुणा करायच्या, म्हणजे उठून आल्यावर पोझ बदलत नाही. ज्यांनी आयुष्यभर ओझी उचलली त्यांना नुसतं बसणं किती जड जातं, हे आम्ही तिथे पाहिलं. मान दुखते, पण सांगत नाहीत. मजुरी घेतलीय ना, मग हलायचं नाही, असा त्यांचा हिशेब. म्हणून घड्याळ बघण्याचं काम एका मुलीकडे कायम दिलेलं असे.

आमच्या स्टुडिओच्या खिडक्या उत्तरेला होत्या, कारण उत्तरेचा उजेड थेट उन्हाचा नसतो आणि दिवसभर फारसा बदलत नाही. विलायतेकडच्या पुस्तकांत हा नियम पक्का. इथे मात्र कर्कवृत्त फार लांब नाही. जूनच्या आसपास सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही ऊन आत येतं. त्या दिवसांत आम्ही खिडक्यांना जुनी धोतरं बांधत असू. धोतरातून गाळून आलेला तो उजेड मला आजही चेहऱ्यासाठी सगळ्यात चांगला वाटतो.

आता मूळ गोष्ट. बाजारात फ्लेश टिंट नावाची तयार ट्यूब मिळते. सरांनी ती वर्गात आणायला मनाई केली होती. पॅलेटवर यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), लाइट रेड, अल्ट्रामरीन (गडद निळा), टेर व्हर्ट (मातकट हिरवा) आणि टिटॅनियम व्हाइट, बस. पहिला धडा पांढऱ्याचा. गोऱ्या कातडीचा उजेड पांढरा मिसळून मिळतो; सावळ्या कातडीत पांढरा थोडा जरी जास्त झाला तरी चेहऱ्यावर राख फासल्यासारखी दिसते. तिथे उजळ करायचं असेल तर ऑकर वाढवायचा, पांढरा अगदी टोकाशी. दुसरा धडा हायलाइटचा. कातडी जितकी गडद, तितकी तिच्यावरची चमक उठून दिसते. कपाळाचा उंचवटा, गालाचं हाड, नाकाचा शेंडा, इथे खिडकीबाहेरचं आभाळ उतरलेलं असतं, आणि ते चक्क निळसर असतं. त्याच्या कडेला सिएनाचा उबदार पट्टा, मग सावलीकडे वळताना टेर व्हर्टचा मंद हिरवा, हनुवटीखाली सदऱ्याच्या पांढऱ्याचा परतीचा उजेड. तांबूस रंग कानाच्या पाळीत आणि डोळ्याच्या कोपऱ्यात. काळा रंग कुठेच लागत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की जो गडद तयार होतो त्यात जीव असतो; ट्यूबमधला काळा मेलेला असतो.

एक बाबा महिन्यातून दोन-चारदा तरी येत. जन्म सालदारकीत, वर्षाच्या बोलीवरच्या शेतमजुरीत, गेलेला. स्टडी पूर्ण होत आली की ते उठून प्रत्येकाच्या ईझलसमोर जाऊन उभे राहत. माझ्यासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "मना तोंडवर हाऊ निया (निळा) रंग कोठून उना?" मी त्यांना खिडकीशी नेलं, सरांच्या दाढीच्या आरशात त्यांचं कपाळ दाखवलं आणि म्हटलं, बाबा, इथे बघा. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली, चमक सरकते कशी ते पाहिलं. "खरं शे," म्हणाले. मग वर्गातल्या दुसऱ्या एका चित्राकडे बोट दाखवून त्यांनी सरांना सांगितलं की हाऊ मी नही. त्या चित्रात ते चांगले गोरे झाले होते. त्यांना ते आवडेल असं वाटलं होतं आम्हाला. सरांना त्या दिवशी त्यावर एक शब्दही वेगळा बोलायची गरज उरली नाही.

कॅनव्हासचा विषयही सांगायला हवा, कारण त्यात फार शिकायला मिळालं. तयार कॅनव्हास परवडत नसे. आम्ही मांजरपाट आणायचो, सुताराकडून चौकटी करून घ्यायचो आणि कापड ताणून ठोकायचो. मधल्यापासून सुरुवात करून समोरासमोर खिळे मारत कोपऱ्यांकडे जायचं, नाहीतर झोळ येतो. त्यावर सरस. रात्री भिजत घालायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून मंद कोमट करायचा, उकळू द्यायचा नाही. सरस न लावता सुती कापडावर थेट तैलरंग चढवला तर जवसाचं तेल धाग्यात मुरतं आणि काही वर्षांत कापड जाळून टाकतं. हात लावला की फाटतं. सरस वाळला की खडूची पावडर आणि झिंक व्हाइट घालून केलेलं अस्तर, पातळ पातळ, दोन-तीन हात. प्रत्येक हात वाळल्यावर काचपेपर. एकदा सुट्टीत हे सगळं मी घरी अंगणात केलं. आबा बाजूला बसून कापडाचा धागा चिमटीत धरून बघत होते. कापसाचा धागा लांब आहे की आखूड, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. माझ्या कामातलं त्यांना कळणारं काहीतरी त्या दिवशी सापडलं, आणि तेव्हापासून चौकटी ठोकताना कापड ताणून धरायला ते स्वतःहून येत.

निसर्गचित्रांचा मोसम मात्र हाल करणारा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जलरंगाचा वॉश कागदावर पसरण्याआधी ब्रशमध्येच वाळतो. सहाला बाहेर पडायचं, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून बोर्डवर चिकटवायचा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाकायचे म्हणजे रंग थोडा वेळ ओला राहतो, आणि नऊला गाशा गुंडाळायचा. पण डोळे त्याच दिवसांत तयार झाले. मेमधलं आभाळ निळं नसतं, पांढुरकं असतं. नांगरलेली काळी जमीन दुपारी काळी नसते, राखाडी-जांभळी दिसते, कारण ती सगळं आभाळ परत फेकते. तापीच्या काठची केळी लांबून पाहिली तर हिरवी कमी, निळी जास्त. सातपुडा तर कधी डोंगराच्या रंगाचा दिसतच नाही. हे पुन्हा पुन्हा पाहिल्यावर माणसांच्या चेहऱ्यांचा हिशेबही सोपा झाला. बांधावर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावर खालून मातीचा तांबूस आणि वरून आभाळाचा पांढुरका असे दोन उजेड असतात. स्टुडिओत हे मिळत नाही.

कला-इतिहासाच्या तासाला सर आमच्या भागातली उदाहरणं शोधून आणत. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा सजावटीला शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस आले होते आणि बांबू, चटया, गावात मिळतं तेवढंच सामान वापरून त्यांनी अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं. फैजपूरची मुलगी आमच्या वर्गात होती. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटतं, खानदेशातल्या प्रत्येक शाळेत हे सांगायला हवं.

आणि अजिंठा. जळगावहून साठेक किलोमीटर. लहानपणी सहलीला गेलो होतो तेव्हा अंधार आणि वटवाघळांचा वास एवढंच लक्षात राहिलं होतं. पेंटिंगच्या विद्यार्थ्यांबरोबर गेले तेव्हा मी पहिल्या लेण्यातून हलेना. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर सगळेच थांबतात. मी त्याच्या आजूबाजूची माणसं बघत होते. गव्हाळ, तांबूस, हिरवट सावळी, आणि अगदी काळी. त्याच भिंतीवर जिला काळी राजकन्या म्हणतात ती आहे. दागिने घातलेली, मानाने उभी, आणि पूर्ण काळीसावळी. पाचव्या शतकातल्या चित्रकाराने तिला उजळ केलं नाही. कपाळ, नाक, हनुवटी यांवर उजळ रंगाचे हात देऊन उठाव आणला आहे. आम्ही हेड स्टडीत जे धडपडून शिकत होतो ते समोर भिंतीवर होतं.

ते रंग कशाचे, हेही सरांनी तिथेच सांगितलं. तांबडी आणि पिवळी गेरू-माती, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, आणि आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी हिरवी माती. आमच्या पॅलेटवरच्या टेर व्हर्टचीच ती बहीण. बाहेरून आला तो फक्त निळा, लाजवर्दाचा, तोही दूर अफगाणिस्तानाकडून. दगडावर आधी भुसा आणि काड्या मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारखं चिकट घालून रंग. मोठी माय घराची भिंत लिंपताना मातीत भुसा कालवते, तसाच तो गिलावा. पोपडा उडालेल्या जागी काडी स्पष्ट दिसते.

रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून तैलरंगात या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळशा १८८५ च्या आगीत गेल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. भुसावळहून गाडी बदलणाऱ्या आमच्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं. नकला जळत गेल्या, भिंत टिकली. त्या दिवशी लेण्यात उजेड कमी, बसायला मनाई, मागून गर्दीचा रेटा. तरी सगळ्यांच्या स्केचबुकात दहा-बारा पानं भरली. मी फक्त हात काढले. अजिंठ्याच्या चित्रकाराला बोटं किती कळत होती, ते काढल्याशिवाय समजत नाही.

शेवटच्या वर्षाला मी कापूस वेचणाऱ्या बायांचं कॉम्पोझिशन केलं. ओटीत कापूस, पाठीवर ऊन, चेहरे पदराच्या सावलीत. चेहऱ्यांना उजेड मिळतो तो ओटीतल्या पांढऱ्याकडून, खालून. सावळ्या चेहऱ्यावर कापसाचा उजेड. हे मला कुठल्या चित्रात सापडलं नव्हतं आणि घरी मात्र दर हंगामात बघत होते. मोठी माय, माय आणि शेजारची आक्का मॉडेल म्हणून बसल्या. वार्षिक प्रदर्शनाला त्या तिघी एसटीने आल्या आणि चित्रासमोर उभ्या राहून आधी तूर कुठे पेरलीय ते शोधत होत्या, कारण कापसात तुरीची ओळ असतेच आणि मीही ती काढली होती.

मायच्या प्रश्नाचं उत्तर आता थोडंफार देता येतं. शाळेतले तासिका तत्त्वावरचे तास आहेत, आणि व्यक्तिचित्रांची कामं येतात. बहुतेक कामं गेलेल्या माणसांची, मोबाइलमधल्या फोटोवरून. ऑर्डर देताना जवळजवळ प्रत्येक घर म्हणतं, थोडं उजळ करा. फोटो स्टुडिओवाले करून देतात, तुम्ही का नाही? मी वाद घालत नाही. कपाटातला हेड स्टडीचा गठ्ठा काढते, त्या बाबांची चित्रं दाखवते, कपाळावरचा निळा आणि कानाचा तांबडा दाखवते, आणि सांगते की तुमचे वडील असे दिसतील. पैसे हातात घेण्याआधी हे बोलणं झालेलं असतं. काही लोक उठून जातात. जे थांबतात ते मात्र चित्र घ्यायला येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन येतात.

ज्यांना काम द्यायचं असेल त्यांना एवढंच सांगते: तैलरंग वाळायला वेळ घेतो, तेव्हा वर्षश्राद्धाला चित्र हवं असेल तर निदान दोन महिने आधी या. फोटो फिल्टर न लावलेला आणा. आणि फोटोबरोबर गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ, बहीण किंवा लेक, कुणीतरी एकजण अर्धा दिवस खिडकीशी बसायला या. कातडीचा रंग मला फोटोतून मिळत नाही, तो त्यांच्याकडून घ्यावा लागतो.